घरातल्या यंत्राची किल्ली

(मुंबईच्या उपनगरांत काम करणाऱ्या स्त्रीगटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

मला बोलावताना तुमच्यातल्या एकीने फोनवर दोन गोष्टी विचारल्या. तुझ्या घरात तू काय काय यंत्रं लावून ठेवली आहेस ते सांगशील का, ही पहिली. आणि आपल्या गटाचं सगळं सामान, म्हणजे फोटो, जुने अंक, नाटकांच्या कॅसेटी, केसपेपर, तुझ्या त्या यंत्रावर ठेवता येईल का, ही दुसरी. पहिल्याचं उत्तर द्यायला मला नेहमीच आवडतं, ऐकणारी मिळत नाही एवढीच अडचण. दुसऱ्याचं उत्तर मात्र 'सगळं नाही' असं आहे. ते का, हे सांगायचं तर पहिल्याचं उत्तरही नीट द्यावं लागेल.

मी मुलुंडला राहते. घरात आम्ही तिघी: आई, मी आणि कॉलेजात जाणारी मुलगी. चपलांच्या कपाटावर, जिथे पूर्वी टेलिफोन असायचा, तिथे एक जुना लॅपटॉप झाकण मिटून ठेवला आहे. तो चोवीस तास चालू असतो. शेजारी केबलवाल्याने बसवलेला राउटर, दोन हार्डडिस्क, आणि रास्पबेरी पाय नावाचा पत्त्यांच्या कॅटएवढा संगणक. हा २०१२ साली इंग्लंडमध्ये निघाला, तो शाळकरी मुलांना स्वस्तात प्रोग्रॅमिंग शिकता यावं म्हणून. जगभरच्या हौशी माणसांनी तो उचलला. याशिवाय दोन जुने फोन आणि काही सेन्सर. एवढाच माझा संसार. लोक याला 'होम सर्व्हर' म्हणतात. सर्व्हर म्हणजे वाढपी. मागेल त्याला मागेल ते वाढणारा संगणक. त्यात गूढ काही नाही.

नवं यंत्र न घेता जुना लॅपटॉप का? एक तर तो घरात होताच. दुसरं म्हणजे त्याला स्वतःची बॅटरी असते. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली होती, आठवतं ना? लोकल जागच्या जागी उभ्या राहिल्या. अशा वेळी टेबलावरचा मोठा संगणक धाडकन बंद पडतो आणि डिस्कवर लिहिणं अर्धवट राहतं. लॅपटॉप काही वेळ तग धरतो आणि मग शिस्तीत बंद होतो. वीजबिलाचं म्हणाल, तर तो साधारण पंधरा वॅट खातो, म्हणजे महिन्याला अकरा युनिटच्या आत. मुलुंडला महावितरणचं बिल येतं, तुमच्यापैकी अंधेरी-बोरिवलीवाल्यांना अदानीचं येतं. आपापल्या दराने गुणून बघा.

आता तो वाढतो काय? आमच्या तिघींचे फोटो त्यावर असतात, 'इमिच' नावाच्या प्रोग्रॅममध्ये. गूगलने १ जून २०२१ पासून फोटोंची अमर्याद फुकट जागा बंद केली, तेव्हापासून माझी ही खटपट सुरू झाली. घराची, बँकेची, दवाखान्याची कागदपत्रं 'पेपरलेस'मध्ये. पासवर्ड ठेवायला 'व्हॉल्टवॉर्डन'. जाहिराती आणि चोरटी पाळत अडवायला 'पाय-होल'. आणि 'होम असिस्टंट', जो घरातल्या सेन्सरांशी बोलतो.

या शेवटच्याचा उपयोग सांगते. आमच्या सोसायटीत पहाटे ठराविक वेळी पाणी येतं, पण ती ठराविक वेळ कधी चार असते, कधी पाच. आईने पन्नास वर्षं या पाण्यासाठी पहाटे उठून नळाला कान लावला आहे. मी नळाच्या पाइपाला एक छोटा सेन्सर लावला. पाणी आलं की आईच्या उशाशी ठेवलेल्या जुन्या फोनवर घंटी वाजते, टाकी भरली की पुन्हा वाजते. पहिल्या आठवड्यात तिचा विश्वास बसेना, ती उठून नळाजवळ बसायची आणि घंटीची वाट बघायची. आता झोपते. घरातल्या यंत्रांविषयी जे काही छापून येतं त्यात टाळी वाजवली की लागणारा दिवा असतो, आवाज दिला की वाजणारं गाणं असतं. पहाटेच्या पाण्याचा विचार फारसा कोणी केलेला दिसत नाही. कारण तो विचार करणाऱ्यांपैकी बहुतेकांना पाणी आयतं भरलेलं मिळतं.

या हौशी मंडळींच्या जगात एक शब्द आहे: 'वाइफ ॲक्सेप्टन्स फॅक्टर'. म्हणजे 'बायकोला चालेल का' हा घटक. मूळ शब्द महागड्या ध्वनियंत्रांच्या शौकिनांमधला, १९८३ च्या सुमारास 'स्टीरिओफाइल' या अमेरिकन मासिकात आलेला. नंतर घरच्या सर्व्हरवाल्यांनी तो उचलला. यंत्र आवाज करतं का, वायरी दिसतात का, बायको कटकट करेल का, याचा हिशेब. गमतीने म्हणतात, असं सांगतात. पण या गमतीत यंत्र लावणारा कोण आणि ते सहन करणारी कोण, हे आधीच ठरलेलं आहे. रविवारची दुपार यंत्रापुढे घालवायला मिळते ती कोणाला, आणि त्या दुपारी स्वयंपाकघरात कोण असतं, हा प्रश्न त्यात येतच नाही. छंदाला वेळ लागतो, आणि बायकांकडे वेळ नसतो असं नाही, तो सलग नसतो. मी हे सगळं शिकले ते कुकरच्या शिट्ट्या मोजत.

आणि यंत्र हे बायकांचं क्षेत्र नाही हे तरी कोणी ठरवलं? अंधेरीचं सीप्झ १९७३ साली सुरू झालं, ते इलेक्ट्रॉनिक वस्तू बनवून निर्यात करण्यासाठीच. दागिने वगैरे नंतर आले. तिथे बाकांवर बसून सर्किट जोडणाऱ्या, सोल्डरिंग करणाऱ्या बहुतांश मुली आणि बायका होत्या. बारीक काम, म्हणून बायकांची बोटं चांगली, असं मालक म्हणायचे. पगार कमी आणि संघटनेचं नाव काढायचं नाही, हे दुसरं कारण ते बोलून दाखवत नसत. म्हणजे यंत्राच्या पोटात हात घालायला बाई चालते, त्याचा पासवर्ड ठरवायला चालत नाही.

आता कंटेनर. हा शब्द ऐकून घाबरू नका. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रेलरवर लादलेले लोखंडी पेटारे बघता ना, त्यांच्यावरूनच हा शब्द आला. पूर्वी गोदीत प्रत्येक गोणी, प्रत्येक पिंप माणसाच्या पाठीवरून उतरायचं. १९५६ पासून अमेरिकेत एकाच मापाचे पेटारे सुरू झाले. आत काय आहे याच्याशी क्रेनला देणंघेणं नाही. आपल्याकडे १९८९ साली न्हावा शेवा बंदर सुरू झालं ते याच पद्धतीसाठी. त्यात किती माथाडी आणि गोदी कामगारांचं काम गेलं, तो स्वतंत्र विषय आहे आणि आज मी त्यात शिरत नाही. संगणकातही हेच झालं. एक प्रोग्रॅम चालायचा तर त्याला दुसरे दहा प्रोग्रॅम लागतात, विशिष्ट आवृत्तीचे. एकाला जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी. दोघांचं भांडण होतं आणि तिसराच बंद पडतो. मग युक्ती अशी निघाली की प्रत्येक प्रोग्रॅम त्याला लागणाऱ्या सगळ्या सामानासकट एका डब्यात भरायचा. डबा कुठल्याही यंत्रावर उघडा, आतला पदार्थ तोच. घाटकोपरहून निघालेला जेवणाचा डबा फोर्टात उघडला तरी भाजी बदलत नाही, तसंच. ही कल्पना जुनी आहे. १९७९ सालच्या युनिक्समध्ये तिची सुरुवात सापडते. पण सर्वसामान्यांच्या हाती ती आली मार्च २०१३ मध्ये, सोलोमन हाइक्स यांनी अमेरिकेतल्या प्रोग्रॅमरांच्या परिषदेत पाच मिनिटांत 'डॉकर' दाखवलं तेव्हा. डॉकर म्हणजे गोदी कामगार. नाव तरी चांगलं ठेवलं.

यातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, कारण पुढे तिचा उपयोग आहे. तुमचा माल डब्यात ठेवायचा नसतो. फोटो, कागद, पासवर्ड हे डब्याबाहेर, डिस्कवरच्या एका ठरलेल्या कप्प्यात ठेवायचे, आणि डब्याला फक्त त्या कप्प्यात हात घालायची परवानगी द्यायची. म्हणजे डबा बिघडला तर टाकून नवा आणता येतो, फडताळातले डाळ-तांदूळ जागेवर राहतात. कोणता डबा, कोणता कप्पा, कोणता दरवाजा, हे सगळं एका छोट्या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तिला कंपोझ फाइल म्हणतात. ती पानभर असते. तिच्यात # अशी खूण करून पुढे काहीही लिहिता येतं, मराठीतही. माझ्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीपाशी मराठीत लिहिलं आहे की ही ओळ कशासाठी आहे. तिची छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, गॅसच्या नंबराखाली. माझी मुलगी ती वाचून सगळं पुन्हा उभं करू शकते. एकदा मी गावी असताना तिने केलंही.

या क्षेत्रात बायका नाहीत असं नाही. जेसी फ्रॅझेल ही डॉकरच्या प्रमुख घडवणाऱ्यांपैकी एक. आपल्या लॅपटॉपवरचा जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅम तिने कंटेनरमध्ये घातला आणि तो कसा घातला ते २०१५ साली सगळ्यांसाठी लिहून ठेवलं. माझ्यासारख्या कित्येक जणी-जण ते वाचून शिकले. त्याच बाईने हेही लिहून ठेवलं आहे की परिषदांमध्ये बोलायला लागल्यापासून तिला बलात्काराच्या आणि मारून टाकण्याच्या धमक्या येऊ लागल्या. काम तेच, पण बाईने केलं की त्याची किंमत वेगळी मोजावी लागते.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. प्रत्येक यंत्रात एक मूळ किल्ली असते. राउटरला असते, कॅमेऱ्याला असते, सर्व्हरला असते. लिनक्समध्ये तिला 'रूट' म्हणतात, बोलीभाषेत 'ॲडमिन'. ती ज्याच्याकडे, त्याला त्या यंत्रावरचं काहीही उघडता येतं, पुसता येतं, आणि दुसऱ्या कोणाला कळू न देता बघता येतं. आपल्या घरांमध्ये ती किल्ली कोणाकडे असते? केबलवाला येतो तेव्हा 'साहेब आहेत का' विचारतो. वायफायचं नाव नवऱ्याच्या नावावर, दिवाणखान्यातल्या कॅमेऱ्याचं ॲप नवऱ्याच्या फोनमध्ये. तिच्या फोनचं खातंसुद्धा त्यानेच उघडून दिलेलं असतं, 'तुला कळणार नाही, मी करतो' म्हणून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, स्वतः वापरायला मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात ५३.९ टक्के निघाल्या, आणि इंटरनेट कधीतरी वापरलेल्या ३३.३ टक्के. पुरुषांमध्ये इंटरनेट वापरलेले ५७.१ टक्के. हे फक्त वापराचे आकडे आहेत. किल्ली कोणाकडे आहे हे कोणी मोजतच नाही.

सल्ला केंद्रात बसणाऱ्या तुम्ही मला सांगता त्या गोष्टी याच आहेत. एक बाई म्हणते, मी माहेरी काय बोलले ते ह्यांना संध्याकाळी शब्दशः माहीत असतं. दुसरी म्हणते, मी दुपारी किती वेळ खाली गेले होते ते सासूबाई नागपूरहून सांगतात. पूर्वी ह्याला आपण संशयी स्वभाव म्हणायचो. आता त्यात बहुधा दारातला कॅमेरा असतो, किंवा तिच्याच फोनचं दुसऱ्याच्या यंत्रावर उघडं राहिलेलं खातं.

आणि हे आता कोर्टापर्यंत पोचलं आहे. नवऱ्याने बायकोचं बोलणं तिच्या नकळत टेप केलं, तो पुरावा घटस्फोटाच्या खटल्यात चालेल का, असा एक प्रश्न पंजाबमधल्या भटिंड्याच्या कौटुंबिक न्यायालयातून निघून वर गेला. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये म्हटलं, चालणार नाही, हा तिच्या खासगीपणावर घाला आहे. १४ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि असा पुरावा चालेल असं ठरवलं. नवरा-बायको एकमेकांवर पाळत ठेवण्यापर्यंत आले असतील तर विश्वास आधीच संपलेला आहे, अशा अर्थाचं त्यात म्हटलं आहे. आता यावर आपल्यात दोन मतं आहेत, आणि असायला हवीत. मारहाण, शिवीगाळ सिद्ध करायला बाईकडे दुसरं काही नसतं, तेव्हा तिने केलेलं रेकॉर्डिंग तिला वाचवू शकतं. हे खरं आहे. पण घरातला प्रत्येक माइक, प्रत्येक कॅमेरा ज्याच्या ताब्यात आहे, त्याच्याकडे पुराव्याची कोठारं भरणार आणि तिच्याकडे फोनमध्ये जेमतेम जागा राहिलेली असणार. कायद्याच्या नजरेत दोघं सारखे, यंत्रापाशी नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: या निकालानंतर घरातल्या यंत्राची किल्ली हा हौसेचा विषय राहिलेला नाही.

कायद्यात बाईच्या बाजूचंही काही आहे, तेही सांगून ठेवते. बाईच्या इंटरनेट, ईमेल वापरावर पाळत ठेवणं हा २०१३ च्या दुरुस्तीपासून पाठलागाच्या गुन्ह्यात धरला जातो. पूर्वी ते ३५४-ड कलम होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं ७८ वं. त्या कलमात 'कोणताही पुरुष' असे शब्द आहेत. नवरा वगळलेला नाही. पोलीस चौकीत हे वाचून दाखवावं लागतं, म्हणून कलमाची झेरॉक्स जवळ ठेवा.

तर मग कोणतं सॉफ्टवेअर? तंत्रवाली मंडळी वेग, सोय, कोणाची किती लोकप्रियता, अशा कसोट्या लावतात. माझी कसोटी वेगळी आहे: किल्ली किती जणींकडे राहू शकते, आणि मी उद्या नसले तर दुसरी कोणी हे चालवू शकेल का.

डॉकरची नेहमीची रचना अशी आहे की मागे एक कारभारी सतत चालू असतो, आणि त्याच्याकडे मूळ किल्लीचे अधिकार असतात. ज्याला त्या कारभाऱ्याला हुकूम देता येतो, तो पर्यायाने सगळ्या यंत्राचा मालक होतो. आपल्या एकत्र कुटुंबातल्या तिजोरीच्या किल्लीसारखं. २०२० पासून डॉकरलाही या अधिकाराशिवाय चालवायची सोय झाली आहे, पण ती मुद्दाम करून घ्यावी लागते. 'पॉडमन' हा रेड हॅट कंपनीतून २०१८ च्या सुमारास आलेला दुसरा पर्याय. त्यात असा कारभारी नाही. जिचा डबा, तिच्याच अधिकारात तो चालतो. आमच्या लॅपटॉपवर आईचं खातं वेगळं, मुलीचं वेगळं, माझं वेगळं. मुलीचे डबे तिच्या खात्यात चालतात आणि ते बंद-चालू करायला तिला माझी परवानगी लागत नाही. मला हे आवडलं म्हणून मी घरात पॉडमन ठेवला. मुलीलाही आवडलं, तिची कारणं वेगळी असतील.

पण तुम्ही पहिल्यांदाच करत असाल तर मी डॉकरच सांगेन. तो जास्त चांगला म्हणून नाही. बहुतेक सूचना त्यासाठी लिहिलेल्या असतात, आणि वस्तीतली इंजिनिअरिंगला जाणारी एखादी मुलगी तो बहुधा ओळखते. अडल्यावर हाक मारायला शेजारीण असणं हा मोठा गुण आहे. मात्र कंपनीवर विसंबू नका. ३१ ऑगस्ट २०२१ ला डॉकर कंपनीने जाहीर केलं की त्यांचं 'डेस्कटॉप' हे पॅकेज मोठ्या कंपन्यांना फुकट मिळणार नाही. आपल्यासारख्या छोट्या गटांना ते लागू नव्हतं. पण मार्च २०२३ मध्ये त्यांनी छोट्या गटांची फुकट खाती बंद करतो म्हणून पत्रं पाठवली, ओरड झाली, आणि दहा-बारा दिवसांत निर्णय मागे घेतला. या वेळी मागे घेतला. लिनक्सवरचं मूळ डॉकर इंजिन मुक्त आहे, तेच वापरा; आणि मघाशी सांगितलं तसं माल डब्याबाहेर ठेवा. म्हणजे उद्या डॉकर सोडून पॉडमनकडे जायचं झालं तर फाइलीत थोडा फेरफार करून जाता येतं.

एक गैरसमज मात्र काढून टाकला पाहिजे. कंटेनर म्हणजे तिजोरी नाही. एक डबा दुसऱ्या डब्यात डोकावत नाही, एवढंच तो बघतो. ज्याच्याकडे यंत्राची मूळ किल्ली आहे त्याला सगळे डबे आणि सगळे कप्पे उघडे असतात. पॉडमन असला तरी. माझ्या घरातल्या लॅपटॉपची मूळ किल्ली माझ्याकडे आहे, म्हणजे मनात आणलं तर मी मुलीचे फोटो बघू शकते. मी बघत नाही. पण ती माझ्या न बघण्यावर जगते आहे, हे काही बरं नाही. म्हणून तिच्या खासगी वस्तू ती स्वतः कुलूपबंद करून, म्हणजे सांकेतिक रूपात बदलून ठेवते. तो शब्द मला माहीत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या लक्षात आलं असेल. केसपेपर मी माझ्या यंत्रावर ठेवणार नाही. एखाद्या बाईने तुमच्या केंद्रात बसून जे सांगितलं, ते तिने तुम्हाला सांगितलं आहे. ते माझ्या चपलांच्या कपाटावर आलं की त्याची मूळ किल्ली माझ्याकडे येते, आणि 'तुम्हाला कळणार नाही, मी बघते' म्हणणारी व्यक्ती मी होते. मी बाई आहे आणि चळवळीतली आहे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. शिवाय ते यंत्र इंटरनेटला जोडलेलं आहे. केसपेपर कागदावरच, कुलपाच्या कपाटात राहू द्या. संगणकावर ठेवायचेच असतील तर इंटरनेटला कधीही न जोडलेल्या एका लॅपटॉपवर, पूर्ण डिस्क कुलूपबंद करून. त्याचा परवलीचा शब्द केंद्रातल्या दोघींना माहीत, आणि तिसऱ्या ठिकाणी बंद पाकिटात. आणि ज्या बाईची केस आहे तिला विचारून. हे विचारणं आपल्याकडूनही अनेकदा राहून जातं.

फोटोंचंही सरसकट नको. मोर्चातले, मेळाव्यातले फोटो वेगळे आणि आधारगृहातल्या मुलींच्या सहलीचे वेगळे. जुलै २०२१ आणि जानेवारी २०२२ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो त्यांच्याच खात्यांवरून उचलून 'लिलाव' मांडणारे दोन प्रकार झाले. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या सायबर शाखेने अटकाही केल्या. ते दोन्ही मांडले गेले होते गिटहबवर, म्हणजे मी माझे बहुतेक प्रोग्रॅम जिथून आणते त्याच जागी. तंत्र कोणाचं नसतं असं म्हणायची पद्धत आहे. मला ते पटत नाही, पण आज तो वाद नको.

उरलेलं सामान मात्र जरूर आणा, आणि लवकर आणा. जुने अंक, पत्रकं, पोस्टर, शिबिरांचे अहवाल, गाण्यांच्या आणि नाटकांच्या कॅसेटी. 'मुलगी झाली हो' १९८३ साली रंगमंचावर आलं, त्यानंतर गावोगावच्या गटांनी आपापले प्रयोग केले; अशा प्रयोगांच्या कॅसेटी कुणाकुणाच्या माळ्यावर बुरशी धरत पडल्या असतील. चुंबकीय फीत कायम टिकत नाही. आणि २६ जुलै २००५ विसरू नका: सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि तळमजल्यावर जे काही कागद होते त्यांचा लगदा झाला.

हे सगळं एका यंत्रावर ठेवून भागणार नाही. दोन यंत्रं हवीत, दोन घरांत. एक इकडे मुलुंड किंवा घाटकोपरला, दुसरं बोरिवली किंवा अंधेरीला, म्हणजे पाणी भरलं, चोरी झाली, तरी एक राहील. दोन्हीकडे तेच डबे, तीच कंपोझ फाइल. रात्री एक यंत्र दुसऱ्याकडे नवीन माल पाठवील. 'रेस्टिक' नावाचा प्रोग्रॅम तो कुलूपबंद करूनच पाठवतो. आपल्याकडचे बरेच केबलवाले घराला स्वतंत्र पत्ता देत नाहीत, अनेक घरांना मिळून एकच देतात, त्यामुळे बाहेरून यंत्रापर्यंत पोचता येत नाही. त्यावर 'वायरगार्ड'च्या खासगी बोगद्याचा उपाय आहे. तो बसवायला एक दुपार लागेल, मी येईन. राउटरचा दरवाजा सताड उघडा टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

माझी अट एकच. प्रत्येक यंत्रामागे दोघी हव्यात, आणि त्यातली एक तरी अशी हवी की जी आज म्हणते, मला यातलं काही कळत नाही. तिने माझ्यासमोर यंत्र बंद करायचं, डबे पुसायचे, आणि छापील पान वाचून सगळं पुन्हा उभं करायचं. तिला जमलं, की माझं काम झालं. तिला अडलं, तर दोष पानात आहे असं समजून आपण पान पुन्हा लिहू. मराठीत लिहू, हिंदीत लिहू, वस्तीत गुजराती, उर्दू वाचणाऱ्या असतील तर तसंही लिहू. मला आधीच सांगू नका की अमकीचा मुलगा कॉम्प्युटरमध्ये आहे, तो बघेल. तो चांगला मुलगा असेल. त्याला चहा द्या आणि बाजूला बसवा.

पुढच्या बैठकीला जुने लॅपटॉप आणलेत तर बरं होईल. दहा वर्षांचा असला तरी चालेल, पडद्याला तडा असला तरी चालेल, चार्जर मात्र हवा. बॅटरी फुगलेली दिसली, म्हणजे खालचं झाकण वर आलेलं असेल, तर तो पिशवीत घालून लोकलने आणू नका. घरी चार्जिंगला लावू नका आणि मला फोन करा, मी येऊन बघते.